गौरम्मेची हळद

सत्तेम्मा दवाखान्याच्या बेसिनपाशी उभी राहून नखं घासत होती. भिंतीवरच्या बाटलीतला निळा साबण तिनं पुन्हा तळहातावर घेतला आणि पातेल्याची काजळी काढावी तशी एकेका बोटाचं टोक खरडायला लागली. हळद कधीचीच निघून गेली होती. आता उरला होता तो वर्षानुवर्षं बिड्या वळून नखांत बसलेला तंबाखूचा रंग, आणि तो काही निघणार नव्हता.

“अम्मा, नळ बंद करा,” मागून जाणारी नर्स म्हणाली. “कधीचं पाणी चाललंय.”

तिनं नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि बाकाकडे आली. बाकावर सुगुणम्मा बसल्या होत्या, तिच्या विहीणबाई. मांडीवर बाळ. दुपट्ट्यात असं घट्ट गुंडाळलेलं की नाक तेवढं बाहेर.

“द्या जरा इकडं. हात भरून आले असतील तुमचे.”

“राहू द्या. झोपलाय.”

“मी काय त्याला उठवणारे?”

“राहू द्या म्हटलं ना.”

सत्तेम्मा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा दोघींनी सोडली होती. शिरीषाला इथं आणल्यापासून हे असंच चाललं होतं. एकीनं डबा उघडला की दुसरीला भूक नसायची.

शिरीषा समोरच्या काचेच्या दाराआड होती. सत्तेम्माची एकुलती एक पोर, सुगुणम्मांची सून. सिझेरियन होऊन अजून महिना व्हायचा होता. टाके चांगले भरत आले होते, आणि मधेच कोपऱ्यातून पाणी यायला लागलं, मग पू, मग ताप. तापही असा, की कपाळावरची ओली पट्टी बघता बघता वाळून कडक व्हावी. एक औषध झालं, दुसरं झालं, त्याहून भारी तिसरं बाटलीतून थेंब थेंब चाललं होतं, आणि ताप आपला जागचा हलायला तयार नव्हता. कालपासून पोरगी मधूनच शुद्धीवर यायची, एरवी धड ओळखही देत नव्हती. हाक मारली की डोळे उघडायची, एवढंच.

खरं सांगायचं तर विहिणींचं बिनसलं होतं ते आधीच, बाळंतपण कुणाकडे यावरून. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत. सुगुणम्मांचं म्हणणं, रीत ठेवा बाजूला, तुमच्या गावाला वास मारतो. आमचा हैदराबादेत फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खालच्या मजल्यावर डॉक्टर आहे. आता वास मारतो हे काही खोटं नव्हतं. गावाच्या, म्हणजे बोंतलकुंट्याच्या, वरच्या अंगाला औषधांचे कारखाने झाले त्याला बरीच वर्षं झाली. साऱ्या दुनियेचे जंतू मारायच्या गोळ्या तिथं बनतात, आणि त्या बनवताना होणारं सगळं धुणं-विसळणं ओढ्यानं खाली उतरून गावच्या तळ्यात येतं. पावसाळ्यात तळ्यावर साबणासारखा फेस धरतो. मासे संपले. म्हशी पाण्यापर्यंत जातात, हुंगतात आणि मागं फिरतात. पण हे गावानं म्हणावं, विहिणीनं म्हणायचं काय कारण?

सत्तेम्माच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“वास मारणाऱ्या गावातलीच पोरगी पसंत केलीत की तुम्ही,” तिनं चारचौघांत ऐकवलं होतं. “तेव्हा नाक कुठं ठेवलं होतं?”

शेवटी तोड निघाली. सिझेरियन शहरात झालं, आणि टाके निघाल्यावर पोरगी बाळासकट माहेरी आली. सत्तेम्माचा नवरा मस्कतला, घरात दुसरं कुणी नाही. सत्तेम्मानं बिडीच्या पानांचं सूप बाजूला सारून तिथंच पाळणा बांधला. आपण जिंकलो याचा आनंद तिला नातवाच्या आनंदाइतकाच झाला होता, कबूल करायला नको, पण झाला होता.

आणि मग बतुकम्मेचे दिवस आले, फुलांची देवी रचून पुजायचे. माळावर तरवड पिवळाजर्द फुलला, कुरडूचे तुरे बायका पोत्यांनी आणायला लागल्या. सत्तेम्माच्या हातची बतुकम्मा म्हणजे गावात बघण्यासारखी, फुलांचे थर कमरेपर्यंत चढवायची आणि एक फूल हलायचं नाही. शिरीषा लहानपणापासून तिच्या शेजारी बसून देठ खुडून द्यायची. या वर्षी तिनं खाटेवर बसून दिले.

शेवटच्या दिवशी तळ्यावर गेल्यावर बघतात तर सरपंचबाईनं काठाला सिमेंटचा हौद बांधून त्यात टँकरचं पाणी भरून ठेवलेलं. माइकवरून सांगत होती, फुलं यात सोडा, तळ्यात कुणी उतरू नका, अंगाला खाज येते. बायका घुटमळल्या. आतल्या आत साऱ्यांनाच ते पटत होतं. सत्तेम्मा डोक्यावर बतुकम्मा घेऊन पुढं आली, हौदात वाकून बघितलं.

“गौरम्मा तिच्या घरी निघालीय का न्हाणीत?”

झालं. बायका खदखदून हसल्या, सरपंचबाईही हसली, आणि सत्तेम्माच्या मागून सगळ्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. चिंचेच्या बाजूला फेस कमी होता, तिकडं गेल्या. फुलं सोडली. शेंड्यावर बसवलेली हळदीची गौरम्मा तेवढी काढून घेतली, तळ्यात बुडवली, आणि काठावर येऊन ती ओली हळद चिमूट चिमूट वाटली. सवाष्णी एकमेकींच्या गालांना, मंगळसूत्राला लावत होत्या. सुगुणम्मा त्या दिवशी लेकाबरोबर नातवाला बघायला आल्या होत्या. नाकाला पदर लावून लांब बांधावर उभ्या. सत्तेम्मानं मुद्दाम तिथवर जाऊन त्यांच्या हातावर हळद ठेवली.

“घेतात ही.”

“घेते की,” सुगुणम्मा म्हणाल्या. “मी काय विमानातनं पडले?”

उरलेला गोळा सत्तेम्मानं घरी आणला. शिरीषाच्या मंगळसूत्राला लावला, कपाळाला लावला, आणि मग साडीची गाठ जरा खाली सरकवून टाक्यांचा तो कोपरा बघितला. अजून ओलसर होता.

“अम्मा, काही लावू नका म्हणालेत डॉक्टर.”

“औषध लावू नका म्हणाले असतील. ही काय औषध आहे?”

“तळ्यातली आहे ना पण ती?”

“गौरम्मेची आहे,” सत्तेम्मा म्हणाली, आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

तो अंगठा आता ती दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली होती.

दार उघडून डॉक्टर नुजहत बाहेर आल्या. बारकीशी बाई, चष्मा नेहमी कपाळावर चढवलेला. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्याला हात लावायची सवय. त्यांच्यामागून नरेंदर, जावई, औषधांची पिशवी घेऊन. त्याचे डोळे लाल होते.

“रिपोर्ट आला,” डॉक्टर म्हणाल्या. “जंतू सापडला. पण तपासून बघितलेल्या एकाही औषधाला तो दाद देत नाही.”

“म्हणजे आता जे चाललंय ते?”

“ते तो चहासारखं पितोय.”

नरेंदर भिंतीला टेकला. “हे दवाखान्यातनंच लागतं. मी वाचलंय. सिझेरियन जिथं केलं तिथंच लागलं असणार.”

“असेल. मी नाही म्हणत नाही. तसं असेल तर त्याच्यावर एक औषध आहे, मागवता येईल. पण तुमच्या तळ्याकडचे काही पेशंट माझ्याकडं येऊन गेलेत. कुणाचा पाय कापला आणि पाण्यात गेला, कुणाला गुडघ्याला खरचटलं. त्यांच्यात निघाला तो वेगळाच. त्याला हे दवाखान्याकडचं औषध चालत नाही, एक जुनं औषध चालतं. पण ते किडनीला फार जड आहे. दोन्ही एकदम सोसायची हिच्यात ताकद नाही, आणि अंदाजानं एक निवडायची माझ्यात हिंमत नाही.”

“मोठ्या लॅबला पाठवा ना मग.”

“पाठवलंय. त्यांना वेळ लागतो.” त्या जरा थांबल्या. “हिच्याकडं तेवढा नाही.”

सुगुणम्मांनी बाळाला छातीशी घेतलं. “पण डॉक्टर, तळ्यात तर औषधाचंच पाणी येतं ना? औषधानं जंतू मरायला हवेत. उलट कसं?”

“एकदम भरपूर मिळालं तर मरतात. रोज थोडं थोडं मिळालं की सरावतात. अम्मा, सासूची बोलणी खाणारी सून बघितलीय ना? पहिल्या वर्षी रडते. नंतर तिला काही लागतच नाही.”

एरवी हे वाक्य सत्तेम्माला वर्षभर पुरलं असतं. पाणवठ्यावर, बिड्यांच्या केंद्रावर, जिथं तिथं सांगितलं असतं. आज तिनं विहिणीच्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही.

“म्हणून विचारते,” डॉक्टर म्हणाल्या. “जखमेला बाहेरचं काही लागलंय का? तळ्याचं पाणी, माती, पाला, कसला लेप? रागावणार नाही मी. मला फक्त कळायला हवं.”

नरेंदरनं सासूकडे बघितलं. “अम्मा, घरी तुम्हीच होतात.”

“नाही,” सत्तेम्मा म्हणाली.

शब्द तोंडातून निघूनही गेला. विहिणीची भीती होतीच, ती काय नवी नव्हती. पण त्याहून वाईट होतं ते दुसरंच. गौरम्मेचं नाव घेऊन, तिच्या हळदीनं माझी पोर सडली, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आजी, आई, दोघी त्या तळ्याचं पाणी पिऊन आणि ती हळद लावून जगल्या. त्यांच्यापैकी कुणी असं बोललं असतं तर तिनं स्वतःच त्या बाईच्या तोंडावर हात ठेवला असता.

“पेशंटही नाहीच म्हणाली सकाळी,” डॉक्टर म्हणाल्या. चष्मा हातात घेऊन पुसला आणि परत कपाळावर चढवला. “ठीक आहे. मग शहरातलंच धरू. औषध मागवते. तोवर एकेकानं आत जाऊन भेटून या. आधी आई.”

आत गारठा होता. शिरीषाचं तोंड एवढंसं झालं होतं, ओठांना कोरड पडलेली. सत्तेम्मानं पायापाशी उभं राहून तिचं पाऊल हातात घेतलं. विस्तवासारखं गरम.

“बिड्डा, लेकरा.”

शिरीषानं डोळे उघडले. ओळखलं.

“बाळ?”

“झोपलाय. आजीच्या मांडीवर.”

“कोणत्या?”

“शहरातल्या. मला हात लावू देत नाही ती.”

पोरगी हसल्यासारखी झाली. मग बोटानं जवळ बोलावलं. सत्तेम्मानं कान खाली नेला.

“अम्मा, त्या डॉक्टरनी विचारलं. काही लावलं होतं का म्हणून.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

सत्तेम्मानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“तू घाबरू नको,” शिरीषा थांबत थांबत म्हणाली. “त्यांना कळलं तर सासूबाई तुला जन्मभर बोलतील. परत कधी पाठवणार नाहीत मला. बाळालाही नाही. मी कुणाला सांगत नाही. तू पण नाहीच म्हण.”

“अगं वेडे,” सत्तेम्मा म्हणाली. “अगं वेडे, माझ्या नावापायी जीव देतेस काय?”

शिरीषाचे डोळे परत मिटले होते. सत्तेम्मानं तिचं पाऊल चादरीखाली सरकवलं, चादर नीट केली. लहानपणी ही पोर दही सांडायची आणि मांजरावर घालायची. मांजर मार खायचं आणि ही रात्रभर रडायची. आज आईसाठी खोटं बोलून वर आईलाच धीर देत होती. सत्तेम्माला स्वतःची अशी लाज वाटली की तिला त्या खोलीत उभं राहवेना.

ती बाहेर आली तेव्हा डॉक्टर औषधाच्या कागदावर सही करत होत्या. नरेंदर शेजारी हात पुढं करून उभा होता. सत्तेम्मानं तो कागद मधेच धरला.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन थांबवलं.

“हळद लावली होती. बतुकम्मेच्या दिवशी. तळ्यात बुडवलेली. टाक्यांचा कोपरा ओला होता, तिथं दाबून लावली. माझ्या या हातानं. पोर नको म्हणत होती, तिचा काही दोष नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली.”

“अम्मा,” नरेंदर म्हणाला, “आत्ता विचारलं तेव्हा तुम्ही…” तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टर खरंच रागावल्या नाहीत. त्यांनी तो कागद मधोमध फाडला, नर्सला हाक मारली, दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, लघवी मोजत राहा, रक्त परत घ्या, आत्ताच्या आत्ता. सगळं इतकं भराभर झालं की सत्तेम्माला कळेना आपण शिक्षेची वाट बघत का उभ्या आहोत.

“वाचेल ना?”

“किडनीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. शब्द नाही देत मी. पण आता निदान कशाशी लढायचं ते कळलं.” त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. “सांगितलंत ते बरं केलंत.”

आता विहीणबाईंची पाळी. सत्तेम्मानं पदर सावरला आणि मान खाली घातली. काय काय म्हणतील ते तिला तोंडपाठ होतं: गावंढळ, आडमुठी, माझ्या घरातली लक्ष्मी मारायला निघालेली. एकाही शब्दाला उलट बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बोलू दे मनसोक्त. तिचा हक्कच आहे.

पण बाकावरून काही आवाज आला नाही. सुगुणम्मा डॉक्टरांकडे बघत होत्या.

दाराशी गेलेल्या डॉक्टर परत वळल्या. “ती हळद आणखी कुणाला दिलीत?”

“सगळ्यांनाच,” सत्तेम्मा म्हणाली. “वाटतातच ती. पण गालाला, मंगळसूत्राला. खायची नसते.”

“धड कातडीवर लागून काही होत नाही. कुणाच्या जखमेवर? कापलेलं, भाजलेलं, असं काही?”

“नाही. कुणाला जखमच नव्हती.” या वेळी ती खरं बोलत होती.

“बरं.”

“डॉक्टर,” सुगुणम्मा म्हणाल्या.

आवाज त्यांचा वाटत नव्हता. फ्लॅट, लिफ्ट, खालच्या मजल्यावरचा डॉक्टर, यातलं काहीच त्या आवाजात नव्हतं.

“बेंबी जखमेत धरतात का?”

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“नाळ नुकतीच गळाली होती,” सुगुणम्मा म्हणाल्या. “जरा ओली होती. या सगळ्याजणी अंगणात सद्दीचा, सणाच्या नैवेद्याचा भात खात बसल्या होत्या, मी एकटीच आत होते त्याच्यापाशी. माझ्या आईनं आम्हां सगळ्या भावंडांना लावली होती, तळ्यावरची. मला वाटलं… ही बाई दिमाखानं हातावर ठेवून गेली, तर आपल्याही हातनं नातवाला गौरम्मेचं काही…”

नरेंदर भिंतीकडून वळला. आत कुठंतरी यंत्राचा बारीक आवाज चालू होता.

“द्या इकडं,” डॉक्टर म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढं केले.

सुगुणम्मांनी बाळ उचलून द्यायला घेतलं, पण त्यांचे हात उघडेनात. डोळ्यांतलं पाणी दुपट्ट्यावर पडत होतं. सत्तेम्मा मधली मोकळी जागा ओलांडून त्यांच्या गुडघ्यापाशी खाली बसली आणि दुपट्ट्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. तिला नखं लावावी लागली.

“थांबा, विहीणबाई,” ती हळू म्हणाली. “रडू नका. आधी बघू तर द्या.”